वसुधाताईंचं हवामान

शेवटची भेट जूनच्या अखेरीस झाली, टोकियोतल्या इस्पितळात, सातव्या मजल्यावर. मी खोलीत शिरले तर वसुधाताई पलंगावर नव्हत्याच. सलाईनचा स्टँड ढकलत त्या खिडकीपाशी गेल्या होत्या आणि काचेला नाक लावून उभ्या होत्या. "आलीस? लवकर ये, लवकर! तो पूर्वेकडचा बघ... दहा मिनिटांत दुप्पट झालाय!" खाडीच्या अंगाला एक ढग वाढत होता. मला नुसता ढग दिसत होता. त्यांना मात्र त्याच्या पोटात काय चाललंय तेही दिसत होतं, हवा कुठून वर चढतेय, गारा कुठे धरतायत, पाऊस आधी कुठल्या भागात पडणार... नर्स दोनदा येऊन झोपून राहायला सांगून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिलाही हाताला धरून त्यांनी खिडकीशी नेलं आणि तीही बिचारी तोंडाचा आ करून बघत राहिली. पाऊस आला, तावदानांवर ताशा वाजला, आणि ताई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत पलंगावर येऊन बसल्या. बसल्यावर धाप लागली. धाप ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "मुग्धा, पुढच्या मार्चला मला बेटावर जाता येईल का गं? डॉक्टर म्हणतात, बघू या. मीना म्हणते, नक्की. तू सांग."

मीना ही त्यांची मुलगी. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं आणि धीर म्हणून तिने मला सोबत नेलं होतं. आता महिने नाहीत, आठवडे आहेत, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. ताईंना दोन दिवसांनी, नीट वेळ काढून सांगायचं ठरलं होतं. आणि मी काय म्हणावं? "हो ताई, जाऊ की! तिकिटं मी काढते." ताईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, "बरं," म्हणाल्या, आणि वाऱ्याची दिशा बदलली का ते बघायला पुन्हा खिडकीकडे वळल्या. पुढे पंधरा दिवसांत त्या गेल्या. या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले, आणि दुःखापेक्षाही मला टोचतंय ते हे 'हो'. कारण तोंडावर 'नाही' म्हणायला मला शिकवलं ते याच बाईने. त्या स्वतः ते फार उशिरा शिकल्या, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, जपानच्या पार उत्तरेच्या टोकाला असलेल्या एका बेटावर, आणि त्या शिक्षणापायी एका अख्ख्या वाडीचं नुकसान झालं होतं. ती हकिकत सांगायचीच आहे. पण ताईंबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याआधी हसू येतं, आणि काय काय सांगू असं होऊन जातं. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

आमची ओळख गारांनी करून दिली. मी टोकियोत ओजिमाला राहते, एका बँकेच्या आयटीत काम करते. आठ वर्षांपूर्वी एका मे महिन्यात संध्याकाळी स्टेशनबाहेर पडले तर बोराएवढ्या गारा! लोक वाट फुटेल तिकडे पळाले. मी छपराखाली उभी राहून पुण्याला आईशी फोनवर ओरडून बोलत होते, आणि भर गारांत एक बाई पर्स डोक्यावर धरून उभी होती. माझं मराठी ऐकून ती वळली आणि पहिलं वाक्य बोलली, "अहो, रिकामा डबा आहे का तुमच्याकडे?" होता. ऑफिसचा जेवणाचा डबा. तो घेऊन त्या परत गारांत गेल्या, डबाभर गारा वेचून आल्या, एक गार चावून अर्धी केली आणि तिच्यातले कांद्यासारखे थर मला दाखवले. मग तो वितळत चाललेला डबा घेऊन आम्ही दोघी समोरच्या कोम्बिनीत शिरलो, आणि बर्फाच्या पेटीत डबा ठेवू द्या म्हणून त्यांनी दुकानातल्या पोराला इतक्या अदबीच्या जपानीत गळ घातली की त्याने ठेवू दिला. डबा मला तीन दिवसांनी परत मिळाला, आत बेसनाच्या वड्या भरून.

ताई मूळच्या सोलापूरच्या. "आमच्याकडे हवामान दोनच, ऊन आणि फार ऊन," असं म्हणायच्या. पंचविसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर साप्पोरोला आल्या, पहिलं बर्फ पडलं तेव्हा वसतिगृहाच्या अंगणात चपला घालून धावत सुटल्या आणि पायाची दोन बोटं जवळजवळ गमावून बसल्या. पुढे आयुष्यभर धुकं आणि बर्फ यांचाच अभ्यास केला. लग्न एका जपानी शाळामास्तरांशी केलं. ते निवृत्तीच्या आधीच गेले. मीनाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जपानीत देते, आणि मायलेकींचं भांडण दोन भाषांत एकाच वेळी चालायचं. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर बाईंनी काय करावं? ओजिमाच्या फ्लॅटला कुलूप घालून त्या वर्षभरासाठी रेबुनला निघाल्या. रेबुन म्हणजे होक्काइदोच्याही वर, दोन तास बोटीने गेल्यावर लागणारं चिंचोळं बेट. ना झाडांचं राज्य, ना मोठी दुकानं. समोर पाण्यातून वर आलेला रिशिरीचा डोंगर आणि चोवीस तास वारा. "तिथेच का?" मी विचारलं. तर म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वी तिथे सहलीला गेले होते. तीन दिवस इतकं धुकं होतं की स्वतःचा हात दिसला नाही. म्हणजे बघायचं सगळं राहिलंच की!" रोज, एकही दिवस न चुकता, वर्षभराचं हवामान हाताने नोंदवायचं हा बेत होता. यंत्रं होतीच. पण यंत्राला नवल वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि रोज सकाळी साडेसहाला माझा फोन वाजायला लागला. "मुग्धा, आज काय झालं माहितीये!" मी पांघरुणात. त्या मात्र तीन तासांपासून बाहेर. आज म्हणे वाऱ्याने वारा मोजायचं यंत्रच खांबासकट वाकवलं. आज म्हणे एकाच तासात ऊन, पाऊस, बर्फ आणि पुन्हा ऊन. आज शेजारच्या आजींच्या दोरीवरची गोधडी उडून समुद्रात गेली आणि अख्खी वाडी काठावरून तिला निरोप देत होती... सुरुवातीला मी 'हं हं' करायचे. महिन्याभराने लक्षात आलं की फोन पाच मिनिटं उशिरा आला की मीच चुळबुळ करते. ऑफिसला जाताना गच्च भरलेल्या गाडीत लोक मोबाइलवर गेम खेळत, आणि मी रेबुनचा हवेचा दाब बघत असे. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी "काही अडचण?" म्हणून विचारलं तर तोंडातून गेलं, "वारा फिरलाय." पूर्ण टीम माझ्याकडे बघत राहिली.

जूनमध्ये चार दिवस मी पहिल्यांदा गेले, आणि चारही दिवस धुकं! ताईंना आनंद मावेना. हे धुकं समुद्रावरून चालत येतं, एक टेकडी गिळतं, दुसरी सोडून देतं. आम्ही डोंगरउतारावर फुलं बघायला गेलो. होक्काइदोत जी फुलं मोठ्या पर्वतांच्या माथ्यावर फुलतात ती इथे गुडघाभर उंचीवर, समुद्राला लागून. का, तर धुक्याने उन्हाळाच थंडगार करून ठेवलाय म्हणून. ताई ओल्या गवतात पालथ्या झोपून फुलाच्या पाकळीवरचे दवाचे थेंब भिंगातून मोजत होत्या, आणि वाटेवरून येणाऱ्या जपानी पर्यटकांना वाटलं की बाई चक्कर येऊन पडली. दोघे मदतीला धावले. ताईंनी त्यांनाही भिंग दिलं. पंधरा मिनिटांनी तिथे पाच माणसं पालथी पडलेली होती आणि मी छत्री धरून उभी.

ताईंचं भाड्याचं घर तोकुजी-सान यांच्या आवारात होतं. तोकुजी-सान एक्याऐंशी वर्षांचे, आणि त्यांच्या पत्नी हात्सुए-सान, गोधडीवाल्या आजी त्याच. वाडीचं पोट कोंबूवर. कोंबू म्हणजे समुद्रात वाढणारं, दोन-दोन माणसं उंचीचं रुंद पातं. जपानी घरातल्या रश्शाची चव त्याच्यावाचून येत नाही. जुलै लागला की पहाटे होड्या घेऊन जायचं, पाती उपटून आणायची आणि काठावर पसरलेल्या गोट्यांवर एकेक करून वाळत घालायची. ती त्याच दिवशी वाळली पाहिजेत. अर्धवट वाळलेल्या पात्यावर पाऊस पडला की डाग पडतात, माल हलका होतो, मेहनत पाण्यात जाते. म्हणून रोज कुणी उठून समुद्रात जात नाही. पहाटे वाडीतला एक जाणता माणूस आकाश बघतो आणि दिवस कोरडा जाणार असं वाटलं तरच धक्क्यावरच्या काठीवर लाल झेंडा चढवतो. झेंडा दिसला तर सगळ्या होड्या निघतात, नाही दिसला तर एकही नाही. हा झेंडा तोकुजी-सान यांच्याकडे होता, त्याआधी त्यांच्या वडिलांकडे.

ताई आल्यापासून पहाटे झेंडा काखेत धरून तोकुजी-सान त्यांच्या यंत्रांपाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "सेन्सेइ, आज कसं वाटतं?" सेन्सेइ म्हणजे गुरुजी. विचारायचं ते शास्त्रज्ञ बाईंचा मान ठेवायचा म्हणून. ताई आकडे सांगायच्या, ते मान हलवायचे, आणि शेवटी मनाला येईल तेच करायचे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. त्या पहाटे मीही त्यांच्या मागे जांभया देत उभी होते. हवेचा दाब घसरत होता. फोनच्या पडद्यावर पश्चिमेकडून पावसाचा पट्टा सरळ आमच्याकडे येत होता. ताईंना ते दिसत होतं, मलासुद्धा दिसत होतं! पण तोकुजी-सान यांच्या मागे वाडीतली वीसेक माणसं उभी होती, रबरी पोशाख चढवून, सुट्टीला आलेल्या नातवंडांसकट. आठवडाभर धुक्यात फुकट गेलेला. त्यांनी विचारलं, "सेन्सेइ, आज कसं वाटतं?" आणि सोलापूरच्या त्या घरात वाढलेल्या बाई, जिथे वडीलधाऱ्यांना चारचौघांत तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणायची कुणाची छाती नव्हती, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हं... बघायचं." तोकुजी-सान क्षणभर थांबले. मग गेले, आणि झेंडा चढला.

अकरा वाजता पाऊस आला. असा आला की बोलायची सोय नाही. सगळी वाडी गोट्यांवर धावली, आम्हीही धावलो, हाताला लागतील ती पाती कवेत घेऊन शेडकडे पळायचं, परत यायचं... निम्म्याहून अधिक पात्यांची माती झाली. हात्सुए-सान भिजत गोट्यांवर बसून राहिल्या. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही, आणि तेच फार वाईट होतं. ताईंचा चेहरा मला बघवेना.

दुपारी पाऊस थांबल्यावर ताईंनी भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि माफी मागायला निघाल्या. मला म्हणाल्या, "चल, एकटीने जायचा धीर नाही." घर ते घर पन्नास पावलं. निम्म्या वाटेवर समोरून तोकुजी-सान येताना दिसले, हातात उनीचा, म्हणजे समुद्रातल्या काटेरी गोळ्यांच्या आतल्या गराचा, डबा. तेही माफी मागायलाच निघाले होते! दोघं रस्त्यात उभी राहिली आणि कमरेत वाकली, उठली, पुन्हा वाकली. मी मध्ये भाकऱ्या धरून. आणि मग हळूहळू खरं बाहेर आलं. तोकुजी-सान यांचा गुडघा आदल्या संध्याकाळपासून दुखत होता. पाऊस येणार हे त्यांनाही पहाटे कळलं होतं! पण एवढी यंत्रं असलेल्या सेन्सेइंनी हरकत घेतली नाही, म्हणजे आपलंच चुकत असणार, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं, म्हणून त्यांनी झेंडा चढवला. एकाने दुसऱ्याचा मान राखला, दुसऱ्याने पहिल्याचा, आणि ज्या दोघांना पाऊस कळला होता त्या दोघांनीच मिळून वाडीचा कोंबू भिजवला. मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. ताईंनी माझ्याकडे डोळे वटारले आणि मग त्यांनाही आवरेना.

तोकुजी-सान मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मी झेंडा सोडतो. उद्या दुसऱ्या कुणाला देतो." एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय ते वाडीत राहून ताईंना कळलं होतं. हिवाळा त्या एका गोष्टीच्या आधारावर काढणारा माणूस होता तो. ताई म्हणाल्या, "झेंडा तुम्ही सोडायचा नाही. चूक माझी. मी इथे पाहुणी, पाहुण्याने नाही कसं म्हणायचं, असं वाटलं मला." यावर हात्सुए-सान दारातून ओरडल्या, "अगं, पाहुणे 'हो'च म्हणतात! त्यांना काय, ते जाणारच असतात." ताई घरी येऊन मला म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्यांसमोर सांगायचं. पाऊस तर पाऊस."

सांगायचं म्हणजे तालीम हवी! संध्याकाळी मला तोकुजी-सान करून समोर उभं केलं. मी काखेत उशी धरून विचारायचं, "सेन्सेइ, आज कसं वाटतं?" आणि त्यांनी म्हणायचं, "दामे!" म्हणजे नाही, चालणार नाही. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा "दामे"च्या आधी तीन वेळा माफी मागितली. आठव्यांदा कुठे जरा बरं जमलं तर लगेच म्हणाल्या, "जास्त झालं का गं? लागलं का तुला?" मी हसून हसून लोळले. तीन दिवसांनी माझी रजा संपायच्या पहाटे ती वेळ आली. आकाश आरशासारखं स्वच्छ, पण यंत्रावर हवेचा दाब पुन्हा घसरलेला, माणसं तयार, तोकुजी-सान यांनी विचारलं. ताईंनी ओढणी आवळली, श्वास घेतला आणि अशा ठणठणीत आवाजात "दामे!" म्हणाल्या की धक्क्यावरचे समुद्रपक्षी उडाले. तोकुजी-सान यांनी झेंड्याची गुंडाळी केली, सेन्सेइंना वाकून नमस्कार केला आणि घरी चालते झाले. एक तरुण मच्छीमार माझ्या शेजारी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. नऊ वाजले, स्वच्छ ऊन. दहा वाजले, ऊन. ताई घरात येरझाऱ्या घालत होत्या, मी बोटीच्या वेळेसाठी बॅग भरत होते आणि मनात देवाला पावसासाठी साकडं घालत होते. साडेदहाला पत्र्यावर पहिला थेंब पडला... मग दुसरा... आणि ताई बाहेर धावल्या! हात वर करून, भिजत, ओरडत, "आला! आला!" शेजारच्या दारातून हात्सुए-सानही आल्या. त्या दोघी म्हाताऱ्या बायका आवारात पावसात नाचल्या आणि मी बोटीवर चढले ती ओल्या कपड्यांनी.

त्यानंतर बेटाचं वर्ष वेगात सुरू झालं. सप्टेंबरात तुफानाचं शेपूट येऊन गेलं, लाटा रस्ता ओलांडून आल्या आणि ताईंच्या अंगणात मासा सोडून गेल्या. तो त्यांनी आधी मोजला आणि मग तोकुजी-सान यांना दिला. ऑक्टोबरात एका सकाळी समोरच्या डोंगराच्या टोकावर पहिलं बर्फ, आणि फोनवर नुसतं, "पांढरं! मुग्धा, पांढरं!" डिसेंबरात वादळामुळे आठ दिवस बोट आली नाही. वाडीतल्या भोंग्यावर रोज सकाळी 'आज बोट नाही' अशी सूचना व्हायची, दुकानातलं दूध संपलं, अंडी संपली. ताईंकडे मात्र बेसनाचं पोतं होतं. त्या आठ दिवसांत निम्म्या वाडीने पिठलं खाल्लं, आणि हात्सुए-सान यांनी त्यात कोंबूचा रस्सा घालून असं काही केलं की ताई मला म्हणाल्या, "आपल्या लोकांना सांगू नकोस, पण आपल्यापेक्षा बरं लागतं."

फेब्रुवारीत मी हट्टाने गेले. दोन दिवसांसाठी गेले आणि वादळाने आठवडाभर अडकले. साहेबांना फोन केला तर तेच विचारतात, "वारा कसा आहे तिथे?" तिथलं बर्फ वरून पडत नाही, जमिनीवरून धावत येतं. दारातून बाहेर पाहिलं की पांढरी भिंत. घरापासून यंत्रांपर्यंत ताईंनी दोर बांधला होता, त्याला धरून सकाळी नोंद घ्यायला जायच्या, गेल्या नऊ-दहा महिन्यांत एकही नोंद चुकली नव्हती. एके सकाळी घर हादरत होतं. ताई बूट चढवून दारात उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "जाऊ का गं?" मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटत असेल तर..." त्या भडकल्या. "हे काय उत्तर? हो म्हण नाहीतर नाही म्हण! मी दोर सोडून समुद्रात गेले तर सांगशील लोकांना, त्यांना योग्य वाटलं म्हणून?" मी घाबरून म्हटलं, "नाही. जायचं नाही." ताईंनी ताबडतोब बूट काढले, चहा टाकला आणि दुपारपर्यंत खुशीत गाणी म्हणत बसल्या. वर्षभरात तेवढी एकच जागा त्यांच्या वहीत आकड्यावाचून आहे. तिथे मराठीत लिहिलंय : 'मुग्धा नाही म्हणाली.' मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ होती, आणि मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

आणि मार्च! एका सकाळी फोनवर ताई बोलतच नव्हत्या, नुसता आरडाओरडा, पक्ष्यांचा कलकलाट, माणसांचे आवाज. मग कॅमेरा सुरू झाला. समुद्र दुधासारखा पांढरा! बर्फ नव्हे, फेस नव्हे, पाणीच पांढरं, काठाला लागून दूरपर्यंत. हेरिंग मासे अंडी घालायला लाखांनी काठावर आले होते आणि त्यांच्या बीजाने पाणी पांढरं झालं होतं. तोकुजी-सान यांच्या लहानपणी हे दर वर्षी व्हायचं, मग मासे यायचे थांबले, आणि आता कधीतरी, एखाद्या वर्षी, असं अवचित दिसतं. ते म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून रडत होते आणि त्यांच्या शेजारी ताई, सोलापूरच्या, बुटात पाणी गेलेलं, रडत आणि हसत, मला सांगत होत्या, "परत बघायचं! पुढच्या मार्चला यायचं, त्याच्या पुढच्या मार्चला यायचं, दर मार्चला यायचं!" मी टोकियोत स्टेशनवर उभी राहून तो समुद्र बघितला. दोन गाड्या सोडल्या. उशीर झाला म्हणून त्या दिवशी कुणी काही बोललं असतं तरी मला ऐकू आलं नसतं.

एप्रिलात त्या परतल्या, पुढच्या हिवाळ्यात आजार कळला, आणि तो मार्च उपचारांत गेला. त्याही काळात सकाळचा फोन चुकला नाही, फक्त आता तो इस्पितळाच्या खिडकीतून यायचा. म्हणून त्या दिवशी त्यांनी मार्चबद्दल विचारलं ते उगाच नव्हतं. त्यांना पांढरा समुद्र पुन्हा बघायचा होता हे मला माहीत होतं, आणि त्यांनी माझ्याकडे आकडा मागितला होता. तो मी दिला नाही.

त्या जुलैच्या एका दुपारी गेल्या. झोपेत, मीना जवळ असताना. संध्याकाळी मीना म्हणाली, बेटावर कळवायला हवं, तू करशील का? मी फोन लावला. तोकुजी-सान यांनीच उचलला. त्यांना आता कमी ऐकू येतं. ओरडून विचारलं, "सेन्सेइ कशा आहेत?" असल्या बातमीला जपानीत दहा मऊ वळणं आहेत, ती मला सगळी येतात, तोंडावर आलीही होती. मी म्हटलं, "तोकुजी-सान, ताई गेल्या. आज दुपारी." मागे टीव्हीचा आवाज. मग ते म्हणाले, "सरळ सांगितलंस. बरं केलंस," आणि अंत्यविधी कधी आहे ते विचारलं. परवा सकाळी, मी सांगितलं. त्यांनी तारीख दोनदा म्हणून घेतली आणि फोन ठेवला.

अंत्यविधीच्या दिवशी टोकियोत अंग भाजून काढणारं ऊन होतं. सगळं आटोपून मी आणि मीना बाहेर पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात हात्सुए-सान यांचा फोन आला. आम्ही दोघीही जरा रडलो. मग काय बोलावं सुचेना, आणि रोजच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "आज हवामान कसं आहे तिकडे?"

"अगं, काय सांगू!" त्या म्हणाल्या. "एक ढग नाही. डोंगर पायथ्यापर्यंत दिसतोय. वारा कोरडा. कोंबूला असा दिवस अख्ख्या उन्हाळ्यात एखाददुसरा मिळतो."

"मग तुम्ही घरी कशा? वाळत घालायला नाही गेलात?"

"कुणीच गेलं नाही. होड्या सगळ्या काठावर आहेत. हे पहाटे धक्क्यावर जाऊन नुसते उभे राहिले आणि परत आले."

मी विचारलं, का? ऊन असताना?

"वाडीतलं माणूस गेलं की त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी झेंडा चढवत नाहीत," हात्सुए-सान म्हणाल्या. "पाहुण्यासाठी नसतं ते."